बेताच्या मिळकतीत परदेशप्रवास

परदेशप्रवास म्हटला की आपल्या भागात दोनच प्रकारची माणसे डोळ्यांसमोर येतात. एक, ज्यांच्याकडे पैसा ठेवायला जागा नाही ती. आणि दुसरी, पोटासाठी आखाती देशांत गेलेली. या दोहोंच्या मधला जो मोठा वर्ग आहे, म्हणजे शिक्षक, कारकून, बसचा कंडक्टर, पाचसहा एकरांचा शेतकरी, लहानसा दुकानदार, तो परदेश आपल्यासाठी नाहीच असे गृहीत धरून चालतो. मुलीच्या लग्नात तीनचार लाखांचे कर्ज अंगावर घेताना हा वर्ग फारसा कचरत नाही. पण पंधरावीस हजारांत शेजारचा देश पाहून येता येतो असे सांगितले, तर सांगणाऱ्याकडे तो संशयाने पाहतो.

मी याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीस आहे. पगार बेताचा, घरी थोडी कोरडवाहू शेती. अशा मिळकतीत आम्ही घरातल्या तिघांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळचा प्रवास केला. प्रवासाचे वर्णन करण्यासाठी हा लेख नाही. ती वर्णने पुष्कळ आहेत. पैसे कसे साठतात, कोठे गळतात आणि कोणत्या गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतात, एवढेच येथे मांडावयाचे आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर परदेश पाहणे हा श्रीमंतीचा प्रश्न नसून हिशेबाचा आणि मुदतीचा प्रश्न आहे. यातील हिशेबाची बाजू लोकांना पटते. मुदतीची बाजू मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही, आणि खरी किंमत तिचीच मोजावी लागते.

बीदरला आलेला एक बेताचा प्रवासी

या विषयावर बोलताना बीदरकरांनी एका माणसाची आठवण अवश्य ठेवावी. रशियातील त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत महमूद गवान वजीर असताना, बीदरला येऊन राहिला होता. तो कोणी राजदूत नव्हता की सरदार नव्हता. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला असता वाटेत तो लुटला गेला. त्याच्या बरोबरच्या लोकांपैकी ज्यांचे गावी काही शिल्लक होते ते मागे फिरले आणि ज्यांच्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले, अशा अर्थाची नोंद त्याने केली आहे. निकितिन पुढे निघालेल्यांपैकी. इराण ओलांडून तो होर्मुझला आला, एक घोडा बरोबर घेऊन गलबतातून चौलच्या बंदरात उतरला, आणि जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. हा घोडा विकून भांडवल उभे करावे हा त्याचा बेत होता. जुन्नरला तेथील अधिकाऱ्याने तो घोडाच काढून घेतला. पुष्कळ मिनतवाऱ्यांनी तो परत मिळाला आणि अखेर बीदरला विकला गेला.

त्याच्या रोजनिशीत राजवाडे, हत्ती आणि मिरवणुकी आहेत. पण मला त्यात सर्वांत जवळचा वाटतो तो त्याचा खर्चाचा हिशेब. या देशात राहणे म्हणजे जवळचे सगळे खाऊन संपवणे होय, मी एकटा माणूस पण रोज खाण्यावर अडीच आल्तीन जातात, अशी त्याची तक्रार आहे. आल्तीन हे त्याच्या मुलखातले नाणे. घोडा वर्षभर पोसायला काय लागले हेही तो लिहून ठेवतो. आळंदच्या दर्ग्यापाशी भरणाऱ्या वार्षिक बाजाराची नोंद तो करतो; तेथे वीस हजार घोडे विक्रीला येतात असे तो लिहितो. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेले हे आपले आळंद साडेपाचशे वर्षांपूर्वी एका परदेशी प्रवाशाच्या वहीत बाजारभावासकट नोंदले गेले आहे. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. वही मात्र मागे राहिली. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

निकितिनकडून घेण्याजोगा धडा असा की प्रवासाला मोठी मिळकत लागतेच असे नाही, पण रोज किती जातात हे ठाऊक असावे लागते. देण्याच्या ओझ्याखाली निघालेल्या माणसाला प्रवासाचे सुख कमी आणि धास्ती जास्त, हा त्याच्या वहीतला दुसरा धडा.

परवान्याची अडचण गेली, पैशाची उरली

आपल्या वडिलांच्या पिढीला परदेश दूर वाटत होता, त्याला केवळ गरिबी कारण नव्हती. पासपोर्ट मिळणे हा नागरिकाचा हक्क समजला जात नसे. तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर असे. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. तरीही परकीय चलनाची टंचाई होतीच. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या सामान्य माणसाला आठ डॉलर घेऊन विमानात बसावे लागे, आणि तिकिटासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे. त्या पिढीतील जुन्या प्राध्यापकांकडून या आठ डॉलरच्या गोष्टी अनेकांनी ऐकल्या असतील.

हे सगळे आता मागे पडले. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरिकांना वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आपल्यापैकी कोणालाही ती मर्यादा आड येणार नाही! पासपोर्टसाठी पूर्वी बेंगळूरचे हेलपाटे घालावे लागत. २५ जानेवारी २०१७ ला म्हैसूरच्या पोस्टात कर्नाटकातले पहिले पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र उघडले आणि मग अशी केंद्रे ठिकठिकाणी निघाली. प्रौढ माणसाच्या ३६ पानी पासपोर्टला साध्या पद्धतीने दीड हजार रुपये फी पडते आणि तो दहा वर्षे चालतो. म्हणजे वर्षाला दीडशे रुपये. तेव्हा कायद्याचे दार उघडे आहे. उंबऱ्यावर अडवणारी गोष्ट उरली ती पैशाची.

आधी ठिकाण, मग रक्कम

बहुतेक लोक ‘पैसे साठले की कोठेतरी जाऊ’ असे म्हणतात. असे साठवलेले पैसे कधीच प्रवासापर्यंत पोहोचत नाहीत, कारण त्यांना नाव नसते. बिननावाच्या पैशावर घरातील प्रत्येक गरजेचा हक्क असतो. म्हणून आधी ठिकाण ठरवावे, मग तेथवरचा खर्च मांडावा, आणि त्याला महिन्यांनी भागावे.

ठिकाण निवडताना आपल्या अंथरुणाची लांबी पाहावी. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ आणि ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ या म्हणी आपल्या दोन्ही भाषांत आहेत, आणि दोन्ही शब्दशः एकच गोष्ट सांगतात. सर्वांत आखूड अंथरुणात बसणारे देश म्हणजे नेपाळ आणि भूतान. भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. भूतानचे चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे आहे, पण तेथे भारतीय प्रवाशाला दर रात्रीमागे १२०० रुपये शुल्क भरावे लागते. ते हिशेबात धरले नाही तर सगळे गणित कोसळते. नेपाळमध्ये असे शुल्क नाही. तेथील रुपयाचा दर १९९३ पासून ठरलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ.

त्यानंतर श्रीलंका. धनुष्कोडीहून तलैमन्नारला जाणारी बोट १९६४ च्या वादळानंतर बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला प्रवासी बोट सुरू झाली, पण समुद्र खवळलेला असला की ती थांबते, म्हणून चौकशी करूनच निघावे. त्यापलीकडे थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम हे विमानाचे देश. २००८ साली सुरू झालेल्या शमशाबादच्या विमानतळावर बीदरकरांना परदेशी विमान दीडशे किलोमीटरांच्या आसपास मिळते. या देशांच्या खर्चात तिकीट हाच मोठा भाग असतो, आणि ते किती महिने आधी व कोणत्या हंगामात काढले यावर त्याची किंमत ठरते. व्हिसाचे नियम तर वर्षावर्षाला बदलतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसातून सूट दिली, पण अशी सूट पुढच्या वर्षी असेलच असे समजू नये. गेल्या वर्षी कोणी जाऊन आला त्याचे ऐकावे, पण नियम त्या देशाच्या वकिलातीकडूनच पडताळावा.

आमच्या आईची इच्छा पशुपतिनाथाची, माझी लुंबिनीची. तेव्हा ठिकाण आपोआप ठरले. मी, पत्नी आणि आई अशा तिघांचा अकरा दिवसांचा खर्च मी एप्रिल २०२१ मध्ये पुढीलप्रमाणे मांडला. सिकंदराबाद ते गोरखपूर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातून जाणे-येणे १२,६०० रुपये. बीदर ते सिकंदराबाद जाणे-येणे १,३५०. गोरखपूरहून सोनौली सीमा, लुंबिनी, काठमांडू आणि परत, अशा सर्व बस मिळून ७,२००. सहा रात्रींचा मुक्काम, एकच खोली, ६,०००. जेवणखाण माणशी रोज २५० प्रमाणे ८,२५०. गावातली वाहने, देवदर्शन आणि किरकोळ ४,०००. बेरीज ३९,४००. त्यावर अडीअडचणीसाठी ५,६०० धरून एकूण ४५,००० रुपये. याला तीस महिन्यांनी भागले की महिना दीड हजार.

पंचेचाळीस हजार ऐकून पत्नी दचकली होती. दीड हजार ऐकल्यावर तिने विचारले, “मग पुढच्या महिन्यापासून कशाला, याच महिन्यापासून का नाही?”

पैसा कोठे साठवावा

पहिला नियम असा की पगाराच्या दिवशीच ही रक्कम बाजूला काढावी. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणाऱ्याच्या हाती महिनाअखेरीस फक्त किराण्याची चिठ्ठी उरते.

दुसरा नियम, पैसा घरात ठेवू नये. पोस्टातील आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत पाच वर्षांची. लांबच्या प्रवासासाठी ती उत्तम. बँकेतील आवर्ती ठेवीची मुदत आपल्याला निवडता येते. मी तीस महिन्यांची निवडली आणि पगाराच्या खात्यातून रक्कम परस्पर वळती होईल अशी व्यवस्था केली. हातात न आलेला पैसा खर्च होत नाही.

आपल्याकडे भिशी, चिठ्ठी यांचे प्रस्थ मोठे आहे. ओळखीच्या दहावीस जणांची भिशी ही शिस्त लावते यात शंका नाही; हप्ता चुकला तर चारचौघांत लाज वाटते. पण ज्याला भिशी आधी लागली तो पुढचे हप्ते भरीलच याची हमी केवळ त्याच्या शब्दाची असते. चिट फंडासाठी १९८२ चा कायदा आहे आणि नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा जास्त व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या बिननोंदणीच्या योजनेत प्रवासाचा पैसा गुंतवू नये. दोनअडीच वर्षांच्या बचतीत व्याज थोडेच मिळते. महत्त्व मुद्दल सुखरूप राहण्याला आहे.

या बाबतीत मलेशियाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील खेड्यांतील मुसलमान शेतकरी हजला जाण्यासाठी जमीन, गुरे विकीत आणि परत आल्यावर कंगाल होत. बँकेच्या व्याजाला हात लावायचा नाही म्हणून कित्येक जण आयुष्याची बचत घरातच दडवून ठेवीत. अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये यावर उपाय सुचवला. या लोकांची थोडी थोडी बचत एका वेगळ्या संस्थेत जमा करावी, तिने ती व्याजाऐवजी उद्योगधंद्यात गुंतवावी आणि नफा वाटावा. त्यातून १९६३ मध्ये जी संस्था उभी राहिली तिचेच पुढे ‘तबुंग हाजी’ झाले. आज ती मलेशियातील मोठ्या वित्तसंस्थांपैकी एक आहे. प्रवास मोठा, मिळकत लहान, आणि तरी घरची जमीन शाबूत राहावी, या तिन्ही गोष्टी केवळ बचतीला वेगळे नाव दिल्याने जमून आल्या. आपल्या बीदर, कलबुर्गीतही हजसाठी वर्षानुवर्षे पै-पै जोडणारी वृद्ध माणसे घरोघर आहेत. परदेशप्रवासासाठी बचत करण्याची कला आपल्या गावात नवी नाही. आपण ती शेजारच्या गल्लीत जाऊन विचारली नाही, इतकेच.

दुसरे उदाहरण कोचीचे. तेथे चहाचे लहानसे दुकान चालवणारे के. आर. विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना यांनी रोजच्या गल्ल्यातून तीनशे रुपये बाजूला काढून पंचवीसहून अधिक देश पाहिले. कमी पडले तर ते कर्ज काढीत, परत आल्यावर दुकानात राबून ते फेडीत, आणि फिटले की पुढच्या देशाची तयारी करीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते रशियाला जाऊन आले; पुढच्याच महिन्यात विजयन वारले. या दांपत्याविषयी मला मोठा आदर आहे. परंतु त्यांची कर्जाची रीत मी आपल्याकडे सुचवणार नाही. ज्याचा गल्ला रोज भरतो त्याला हप्ता झेपतो. ज्याचे वर्ष मृगाच्या पावसावर अवलंबून असते त्याने ऋण काढून सण करू नये.

मधेच गरज उभी राहिली तर

बचतीवरच्या लेखांत सहसा हप्ते सरळ चालू राहतात आणि ठरल्या दिवशी पैसे हातात येतात. घरात तसे घडत नाही. जुलै २०२२ मध्ये आमचे सोळा हप्ते भरून झाले होते, म्हणजे चोवीस हजार. त्या पावसाळ्यात शेतात पाणी साचून सोयाबीन पिवळे पडले. काही भागात पुन्हा पेरणी करावी लागणार होती आणि खत उधारीवर मिळत नव्हते. बारा हजारांची निकड होती.

ठेव मोडावी हा सोपा मार्ग. बँकेत चौकशी केल्यावर कळले की ठेव न मोडता तिच्याच तारणावर कर्ज मिळते, आणि त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो. सावकाराच्या दराशी तर त्याची तुलनाच नको. आम्ही बारा हजार उचलले आणि हप्ते चालू ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुदत भरली तेव्हा कर्ज आणि त्याचे व्याज कापून पस्तीस हजार हाती आले. पुढचे आठ महिने तेच दीड हजार भरत राहिलो, बारा हजार झाले. एकूण सत्तेचाळीस हजार.

हिशेब असा बरोबर जमला. पण दसरा २०२३ चा प्रवास एक वर्ष पुढे गेला, आणि त्या वर्षाची किंमत कोणत्याही खात्यात नोंदलेली नाही. आई एकोणसत्तरची सत्तरची झाली. आदल्या वर्षी ती देवळाच्या पायऱ्या काठी न घेता चढत असे. त्या वर्षात तिचे गुडघे गेले. मी एकदा तिला म्हणालो, “आई, पैसे झाले की लगेच निघू.” ती म्हणाली, “पैसे होतील रे बाबा. गुडघे काय बँकेत ठेवलेत?”

म्हणून मुदतीविषयी माझे सांगणे आहे. ज्या घरात वृद्ध माणसाला न्यायचे आहे त्यांनी पाच वर्षांची योजना आखू नये. हप्ता थोडा वाढवावा, जावयाचे अंतर कमी करावे, लागल्यास एकाने घरी राहावे. पण मुदत आखूड ठेवावी. तरुणांनी याच्या उलट करावे, त्यांच्याजवळ पैसा नसतो पण वर्षे असतात.

सीमाभागाची खास अडचण

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. आपल्या जिल्ह्यांत एकाच माणसाची चार कागदांवर चार नावे असतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. कर्नाटकाच्या पद्धतीच्या कागदावर नुसती आद्याक्षरे. शिधापत्रिकेवर कन्नडात उतरवलेले, मतदार यादीत आणखी कोणी ऐकून लिहिलेले. बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव हा आणखी एक घोळ. गावात याने काही अडत नाही. पासपोर्टच्या खिडकीत किंवा सीमेवरच्या चौकीत मात्र ‘ही दोन्ही माणसे एकच’ हे सिद्ध करावे लागते.

तेव्हा पहिला हप्ता भरला त्याच महिन्यात सर्व कागद एका ओळीत मांडून नाव, जन्मतारीख ताडून पाहावी. दुरुस्तीला महिने लागतात, आणि आपल्याकडे बचतीमुळे महिने असतातच. नेपाळसाठी आणखी एक बारकावा आहे. १५ ते ६५ वयाच्या माणसाला तेथे आधार कार्डावर जाता येत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवे. त्याहून लहान किंवा वृद्ध असेल तर २०१९ पासून आधार कार्ड चालते. आमच्या आईच्या मतदार ओळखपत्रावर तिचे नाव भलतेच छापले होते; सत्तरीमुळे आधार कार्डावर काम झाले. विद्यार्थ्यांनी पासपोर्ट काढताना दहावीचे प्रमाणपत्र जोडण्यास विसरू नये. पुढे नोकरीसाठी आखाती देशांत जावयाचे झाल्यास, दहावी उत्तीर्ण असल्याची नोंद असेल तर परदेशगमनाच्या वेगळ्या परवानगीचा खटाटोप वाचतो.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी मुळातच काही टक्के कर कापून घेते; ही पद्धत ऑक्टोबर २०२० पासून आहे आणि तिचे दर बदलत असतात. हा कर आपल्या नावे जमा होतो आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले तर हिशेबात मिळतो किंवा परत येतो. आपले उत्पन्न करपात्र नाही म्हणून जे विवरणपत्रच भरीत नाहीत, त्यांचे पैसे तसेच पडून राहतात.

प्रत्यक्ष प्रवासात

आमचा खर्च ४६,२०० झाला. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्येच थांबली होती, त्यामुळे आईचे तिकीट पूर्णच पडले. मूळ अंदाजापेक्षा बसभाडे वाढले होते. वाचले ते जेवणात. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तिखट पुऱ्या यांचा डबा रेल्वेचे दोन दिवस आणि त्यानंतरही चार दिवस पुरला. कलबुर्गीची कडक भाकरी ही प्रवासासाठीच जन्माला आली असावी! वाचलेल्या पैशांतून आम्ही काठमांडूत एक दिवस भाड्याची मोटार केली, कारण आईला बसची पायरी चढवत नव्हती. अडीअडचणीसाठी रक्कम ठेवावी ती यासाठी. ती दुकानात उडवली असती तर आईला खोलीतच बसावे लागले असते.

पशुपतिनाथाच्या मंदिरातील मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून येतात. ही गोष्ट मी आईला आधीच सांगितली होती, पण तिचा विश्वास बसला नव्हता. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर विजापूरकडच्या यात्रेकरूंचा एक घोळका भेटला. माझ्या आईचे माहेर कन्नड बोलणारे. पन्नास वर्षे मराठी घरात काढलेल्या या बाईने बागमतीच्या काठी बसून त्या बायकांशी अर्धा तास कन्नडात गप्पा मारल्या, आणि उठताना मला म्हणाली, “एवढ्या लांब आलो आणि माहेरची माणसं भेटली.”

स्वयंभूनाथाच्या टेकडीला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. आई खाली एका दुकानाच्या कट्ट्यावर बसली आणि आम्हाला वर पाठवले. वरून काठमांडूचे सगळे खोरे दिसते. खाली आल्यावर तिने विचारले, “काय काय दिसलं?” आम्ही सांगत गेलो, ती ऐकत राहिली. एक वर्ष आधी ती स्वतः पाहू शकली असती.

विद्यार्थिमित्रांसाठी एक गणित

आमच्या खर्चाचा एका माणसाचा वाटा पंधरासाडेपंधरा हजार आला. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा धरला तर छत्तीस महिने होतात. महिना पाचशे रुपये म्हणजे अठरा हजार. शयनयान डब्यातून, चौघांनी एक खोली घेऊन गेल्यास याहून कमी लागतील. पाचशे जमत नसतील तर अडीचशे काढावेत आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत उरलेले पुरे करावेत. शिकवण्या, सुट्टीतील काम, शिष्यवृत्तीतून वाचलेले चार पैसे, यांतून हे अशक्य नाही. ज्यांच्या घरी एवढेही निघत नसेल त्यांनी निदान पासपोर्ट काढून ठेवावा आणि नावाची दुरुस्ती करून घ्यावी. संधी येते तेव्हा ती कागदपत्रांसाठी थांबत नाही.

आणि घरी आई-वडील असतील तर त्यांना एकदा विचारावे की तुम्हाला काय पाहावयाचे आहे. बहुतेक वेळा उत्तर आपल्याला वाटते त्यापेक्षा स्वस्त असते. ते ऐकले की ठिकाण ठरले, खर्च मांडता येतो, आणि पहिला हप्ता येत्या पगारालाच भरता येतो.